देवळ्याचे बारा गप्पी

शनिवार, ३ जानेवारी
अण्णा महिन्यात दुसऱ्यांदा मोरीत पडले. देवळ्यात एकटेच असतात. नाशिकला लेकीकडे चला म्हटलं, तर म्हणाले, आधी माझे मासे ने, ते रमले तर मी येतो. अट मान्य. विंचूरच्या वायनरीत मी दिवसाला चाळीस सॅम्पलचा पीएच काढते. हा प्रश्न सुटल्यात जमा.

रविवार, ४ जानेवारी, दुपारी ४
देवळ्याहून त्यांचे बारा गप्पी मासे आणले. अण्णांच्या बोअरचा पीएच ७.६. इथल्या नळाचं पाणी रात्रभर साठवून मोजलं, तेही ७.६. तापमानासाठी पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगवली. सोडले.

सोमवार, ५ जानेवारी
पाच जण तळाशी, पंख मिटून. प्रवासाचा शीण. अण्णांना ‘रमले’ असा मेसेज केला.
भांडी घासता घासता कुसाबाई म्हणाल्या, “ताई, माझी सून देवळ्याकडचीच हे. म्हणती, इथं साबनाला लय फेस येतो, तिकडं येतच नाय. पानी येगळं हे.” साबण हा पॅरामीटर नाही, असं त्यांना सांगितलं.

मंगळवार, ६ जानेवारी
चार मेले. एवढ्या लहान नमुन्यावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. केवळ खात्रीसाठी लॅबमधून पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर आणला. पिशवीत उरलेलं देवळ्याचं पाणी ८८०. टाकी १४०.
फेस येत नाही म्हणजे क्षार जास्त. हे शाळेत शिकवतात.
कुसाबाईंशी या विषयावर बोलले नाही. क्षार हळूहळू वाढवते आहे. उरलेले आठ वाचतील.

गुरुवार, ८ जानेवारी
शून्य.
अण्णांनी फोनवर विचारलं, खातात का? म्हटलं, भरपूर. मग इथल्या द्वारका चौकातल्या दुकानातून बारा आणले, फोटो बघून, रंग जुळवून. त्यांच्यातला एक वाकड्या शेपटीचा होता, तसा काही मिळाला नाही. ही फसवणूक नाही. रिप्लेसमेंट आहे.

रविवार, ११ जानेवारी
अण्णा न कळवता सकाळच्या एसटीने आले. हातात कपड्यांची पिशवी, औषधांचा डबा, पाच लिटरचा कॅन. चष्मा लावून बराच वेळ टाकीसमोर बसले. मग म्हणाले, “यासमा मना एक बी नई शे.”
यांतला एकही त्यांचा नव्हता. मी पाण्याचे आकडे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. रागावले नाहीत. चहा प्यायले आणि दुपारच्या गाडीने परत गेले. कपड्यांची पिशवी उघडलीच नाही.
कॅन राहिला म्हणून फोन केला. म्हणाले, त्यांच्या टाकीतलंच पाणी आहे, रोज वाटी-वाटी घातलं की सवय होईल म्हणून आणलं होतं. आता झाडांना घाल.
मोजलं. ८८०. झाडांना चालणार नाही.
कॅन टाकीशेजारी ठेवला आहे.