टिकलीचा गुडघा, हात बसेपर्यंत

४ डिसें.
आमच्या कुत्रीच्या, टिकलीच्या, मागच्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट पूर्ण तुटलंय. कॅम्प ३ मधल्या प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉ. कविताने आज पक्कं सांगितलं. मांडी धरून नडगी पुढे ढकलली, तर टेबलाच्या खणासारखी सरकली. मलाही हात लावून बघायला सांगितलं. नको वाटलं, पण बघितलं. कुत्र्यांचं हे ऑपरेशन तिने कधी केलेलं नाही. मुंबईला न्या, नाहीतर थोडं थांबा म्हणाली. याच शनि-रवि ती शिकायला चाललीय. फार थांबलं तर भार पडून डावा गुडघाही जाईल.
सौ.: थांबू. पिल्लू असल्यापासून तिच्याचकडे नेतोय.

९ डिसें.
डॉ. परतली. दोन दिवस प्लास्टिकच्या हाडांवर काम. लिगामेंटच्या जागी सांध्याबाहेरून जाड नायलॉनचा धागा. जास्त ओढला तर गुडघा वाकत नाही, सैल राहिला तर हाड सरकतंच. ऑपरेशनसाठी शुक्रवार ठरवायला गेलो होतो. म्हणाली, "काका, खोटं नाही बोलणार. अजून हात बसला नाही."
घरी सांगितलं. सौ. म्हणाली, हे कोण सांगतं हल्ली. खरंय.

१० डिसें.
डॉ.ला सरावासाठी बकऱ्याचे गुडघे हवेत. मी आणतो म्हटलं. कुळगावच्या मटणवाल्याला दोनदा बजावलं: मागची तंगडी, गुडघा अख्खा. कुकरमध्ये मावणार कशी, असं विचारता विचारता त्याने तोडूनही टाकली. डॉ.ने पिशवीत डोकावून बघितलं. "यांचं ऑपरेशन झालेलं दिसतंय."
तुकड्यांचा रस्सा. मटणवाल्याचा हात मात्र बसलेला.

१४ डिसें.
आज अख्ख्या चार तंगड्या मिळाल्या. आजवर अख्ख्या नऊ. मटणवाला आता आधी सुरा बाजूला ठेवतो, मग तंगडी काढतो. कुत्रीची चौकशीही करतो.
टिकली तीन पायांवर, पोटाखाली सौ.ची जुनी ओढणी. चौथा पाय अधांतरी. डाव्यावर लक्ष.

१७ डिसें.
डॉ.ने बोलावून नववा गुडघा पुढे केला. "ढकला, काका." ढकलला. सरकला नाही. वाकवला, वाकला. परत एकदा ढकलून खात्री केली, जुनी खोड.
"मग टिकली?"
तिने गुडघा बाजूला ठेवला. "उद्या दहाला आणा."
त्या शनि-रवि तिला शिकवणारे सर येणार आहेत. बाजूला उभे राहतील, गरज पडल्याशिवाय हात लावणार नाहीत; त्यांनीच तिला फोनवर सांगितलं. टिकलीला उपाशी न्यायचंय. सौ.ने तिची वाटी पालथी घालून ठेवलीय.
पाय कधी टेकेल, विचारलं. "आठ-दहा दिवसांत बोटं टेकायला हवीत."
टेकतील म्हणाली नाही, हवीत म्हणाली. बरं वाटलं.