घासलेलं पातेलं

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
२१ एप्रिल १९९५

चंदूदादास,

मालूचा नमस्कार. वहिनीला नमस्कार, मुलांना पापा.

इकडे सगळं ठीक आहे. ऊन कडक पडलंय, त्यामुळे मिरची छान वाळतेय. आपल्या मसाल्याच्या डोंबिवलीच्या शेडसमोरचं अंगण लाल झालंय, आणि रिक्षावाले तिथून शिंकत जातात. ड्रायव्हर दगडूने मालाचा टेंपो नवा रंगवून घेतला. मागच्या फळीवर पेंटरकडून आईचं चित्र काढून घेतलं, तिला न विचारता. आई चित्रासमोर उभी राहिली नि म्हणाली, "ही कोणाची सासू रे दगडू?" तेव्हापासून तो टेंपो भिंतीला पाठ लावूनच उभा करतो.

आई बरी आहे. दिवाळीत ताप आला होता, तो गेला.

तू पुण्याला गेल्याला चार वर्षं होतील. पत्र कुठून सुरू करायचं कळत नाही, म्हणून आपलं जुनंच आठवत बसले. वर्तकनगरात आई पाटी घेऊन जायची तेव्हा आपण दोघं मागे असायचो, सुट्टीत. खाडीच्या पाण्याला वास यायला लागला होता, बाबांच्या जाळ्यात काही येईना. म्हणून आई घाऊक बाजारातून मासळी उचलायची आणि इमारतींचे जिने चढायची. तिसऱ्या माळ्यावरच्या त्या पाटणकरकाकू आठवतात? "सगुणाबाई, बोंबील तुझेच, पण तुझ्या कालवणाची चव आमच्या घरी येत नाही." दुसऱ्या दिवशी आईने बोंबलाबरोबर घरच्या मसाल्याची पुडी दिली, फुकट. आठवडाभरात सगळी इमारत पुडी मागायला लागली. मग एका सकाळी पाटीत मासे नव्हतेच, नुसत्या पुड्या होत्या. बाबा हसले होते, "कोळीण मासळीवाचून निघाली! आता मी काय होडीत मिरची पिकवू?" पण मिरची कांडायचा पहिला डंख, ते विजेचं यंत्र, आणला तेव्हा ओढून आत घेणारे तेच होते.

आणि पातेलं. ते तर तू विसरला नसशील.

मसाल्याचा नवा घाणा झाला की आई त्यातलंच कालवण करायची आणि पातेलं कांडपाच्या बायकांकडे जेवायला पाठवायची. सोमवारी, गुरुवारी मासळी नाही म्हणून वाटाण्याचं. पातेलं पुसून रिकामं आलं तर माल बाहेर जायचा. तळाशी उरलं तर घाणा पुन्हा नीट करायचा. अंगणात दोन बायका होत्या तेव्हाही हेच, चाळीस झाल्या तेव्हाही हेच. आणि सगळ्यांच्या आधी चमचा तुझ्या तोंडात. "आई, धणे कच्चे राहिलेत." तू सातवीत होतास. बाबा म्हणायचे, "याच्या जिभेला नाक फुटलंय."

त्याच पातेल्यावरून तुमचं भांडण झालं, हेही आठवतं. मी आत पुड्या मोजत होते, मला सगळं ऐकू आलं. तू म्हणालास, नमुना बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवू. रोज एवढ्या बायकांना मासे खायला घालतेस, ही फॅक्टरी आहे का खानावळ? आणि आई म्हणाली, "खानावळच हाय. तुझी फॅक्टरी तू पुन्यात काढ." तू काढली नाहीस, नोकरी धरलीस. पण गेलास.

मी कोण बरोबर ते लिहायला बसलेले नाही.

दादा, ताप गेला असं वर लिहिलं, ते खरं आहे. पण तापाबरोबर आईचं नाकही गेलं. आधी आम्हाला वाटलं सर्दी आहे. एकदा गॅसवर दूध करपलं, घरभर वास झाला, आणि आई शेजारी बसून लसूण सोलत होती. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित येणार नाही. आईने आम्हाला सांगितलं, "कोणी काय बोलायचा नाय. हाताला सवय हाय." आणि धणे, खोबरं सगळं तशीच भाजत राहिली.

पातेलं रोज रिकामं यायचं. म्हणून आम्ही निश्चिंत होतो.

परवा बुधवारी पातेलं आलं ते आईने हातात घेतलं, उलटं केलं, खिडकीशी नेलं.

"जनाबाई, हा घासला कोनी?"

"मीच, बाय."

"का? मी काय तुझी मालकीन हाय?" जनाबाई पहिल्या डंखापासूनची, तुला माहीत आहे. "इतकी वर्सा तुम्ही भाकरीनं पुसून देता. आज राखेनं घासलात?"

जनाबाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "करपलेला होता, सगुणाबाय. महिनाभर करपलेलाच येतोय. खाल्ला जाईल तेवढा खाल्ला. बाकीचा भिंतीमागं मांजरांना टाकला."

"मग?"

"मांजरांनी पन नाय खाल्ला."

मला वाटलं, आता आई रडेल. ती हसायला लागली. "कोळनीच्या घरचा कालवान मांजर खात नाय, आनि मी तो गावाला विकतेय!" हसता हसताच खाली बसली. सगळ्या बायका तिच्याभोवती. एकीने तरी सांगायचं ना, दादा. पण जिच्या हातचं इतकी वर्षं जेवलो तिचं पातेलं भरलेलं परत कसं पाठवायचं, असं प्रत्येकीला वाटलं.

टेंपो भरून उभा होता. आईने सगळा माल उतरवला. दुकानांतलाही परत मागवलाय. दगडू म्हणाला, "ऐन सीझन आहे बाय, दुकानदार मला फाडून खातील." आई म्हणाली, "सांग त्यांना, सगुणाबाईचा नाक बंद हाय, म्हनून दुकान बंद."

डंख तेव्हापासून थांबलेत. बायका येतात, देठं खुडतात, घरी जातात.

मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. त्यांना आईचं नाव आणि फोटो हवाय, मसाला ते त्यांच्याकडे करतील. बायका नकोत, पातेलं नको. आईने अक्षय तृतीयेपर्यंत थांबायला सांगितलंय. "चाखनारा नाय, तर नाव तरी कशाला सांभाळू," म्हणते. माझी जीभ तुला ठाऊकच आहे, मला मीठसुद्धा कळत नाही.

तुला बोलव असं ती म्हणालेली नाही. काल संध्याकाळी फक्त विचारलं, "तो बोंबील खातो का गं अजून?"

आज सकाळी जनाबाईला शेजारी बसवून आईने थोडा मसाला केला. वास जनाबाईने घ्यायचा, हात आईने फिरवायचा. दोघी तासभर भांडत होत्या. बरा झालाय का, ते दोघींनाही सांगता येईना. तोच डब्यात भरून दगडूबरोबर पाठवतेय, या पत्रासोबत.

वहिनीला कालवण करायला सांग. नावं ठेवायची असतील तर इथे येऊन ठेव, आईने वाट पाहायचं ठरवलंय. आणि डबा दगडूकडे परत देऊ नकोस, रिकामा असो की तळाशी उरलेला, स्वतः घेऊन ये.

धुवू नकोस.

तुझी,
मालू