जुन्या दिसणाऱ्या नव्या बाहुल्यांबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा प्लास्टरच्या छोट्या बाहुल्या रंगवणे, गल्लीत ‘बाहुलीमावशी’ म्हणून परिचित, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझी स्मृती शाबूत आहे. शंका असेल त्याने कपाटातली कुठलीही बाहुली उचलावी आणि तिच्यावर रंगाचे किती हात बसले ते मला विचारावे. याआधी मी असा कागद केलेला नाही. करायचा म्हणत होते, राहून गेले.

१. राहते घर, दोन खोल्या आणि मागची कामाची खोली, माझ्या मुलाला मिळावे. तो नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. ते छताच्या नक्षीचे प्लास्टर ओतायचे. मागे साचे आणि अर्धे पोते प्लास्टर उरले. त्यातून मी बोटभर उंचीचा एक बैल ओतला. पांढराफटक बैल कोण घेणार, म्हणून त्याला जुन्या भाजक्या मातीचा रंग दिला. तो विकला गेला, मग दुसरा, मग मडकेवाली बाई, मग झोपलेले कुत्रे. हे घर त्यांच्या जिवावर उभे आहे.

अट एकच. कामाची खोली दहा वर्षे माझ्या भाचीकडे राहावी. मुलगा म्हणाला, “आई, दहाच का? तिला हवी तितकी वर्षं राहू दे की.” तरी मी लिहून ठेवते. त्याचा स्वभाव हो म्हणण्याचा आहे, उद्या एखाद्या भाडेकरूलाही हो म्हणेल.

२. बँकेतली शिल्लक आणि दोन बांगड्या सूनबाईला. माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तिने पंधरा दिवस वेळच्या वेळी थेंब घातले आणि एकदाही ‘आता पुरे करा ते रंग’ म्हणाली नाही.

३. कुंचले, साचे आणि रंगांची वही भाचीला. वहीत सगळे आहे: आधी विटकरी रंग, त्यावर स्पंजने फिका नारिंगी, मग पातळ तपकिरी पाणी फिरवून लगेच पुसायचे, म्हणजे ते फक्त खाचांत राहते. शेवटी कोरड्या कुंचल्याने खडूची पूड. चकाकी कुठेही नको. जिथे माणसांचे हात लागले असते तिथे, म्हणजे पाठीवर आणि डोक्यावर, रंग जरा झिजलेला दाखवायचा. ज्या ‘गुपित भुकटी’बद्दल मी चाळीस वर्षे सगळ्यांना झुलवत ठेवले, ती विटेची पूड आहे, जुन्या मोज्यातून चाळलेली.

ही भाची माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भावाचे दुकान होते आणि माझ्या सगळ्या बाहुल्या तोच विकायचा. एकदा एक निवृत्त शिक्षक कान तुटलेला बैल रुमालात गुंडाळून माझ्याकडे आले. म्हणाले, “जपून हं, दोनशे वर्षांचा आहे.” मी उलटा करून पाहिला. पोटाखाली मी दोन ठिपके आणि एक रेघ कोरत असे. ती माझी खूण कानशीने घासून टाकलेली होती.

मी म्हटले, “गुरुजी, हा मीच रंगवलाय. मागच्या वर्षी.”

त्यांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, “मग तर कान तुम्हीच नीट बसवाल.”

कान बसवला आणि तशीच तडक भावाच्या दुकानात गेले. तो म्हणाला, “ताई, लोकांना जुनं वाटतं, हे तुझंच कौतुक नाही का?”

“कौतुक होतं तर माझी खूण का खरवडलीस?”

मी त्याचा माल बंद केला. अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लग्नकार्यातही तो एका टोकाला, मी दुसऱ्या.

बाराव्या वर्षी भाची दारात उभी राहिली. “आत्या, मला शिकव.”

“बाबांना विचारलंस?”

“विचारलं. म्हणाले, ती हाकलून देईल.”

“आणि तरी आलीस?”

“म्हटलं, बघू तरी कशी हाकलते.”

मला हसू आले आणि तिथेच मी हरले. पहिले सहा महिने तिच्या बाहुल्या जुन्या नव्हे, नुसत्या मळलेल्या दिसायच्या. आज तिचा हात माझ्याहून हलका आहे. तिने स्वतःची खूण ठरवावी, माझी पुढे चालवू नये.

४. शेजारच्या फ्रेमवाल्याने माझा सर्वांत बारीक कुंचला घरचे शिलाई मशीन साफ करायला नेला आणि झाडू करून परत दिला. तो झाडू त्यालाच द्यावा. बाकी त्याच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

५. धाकट्या भावाला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. याचा कोणी भलता अर्थ काढू नये. तीन वर्षांपूर्वी तो लेकीचे काम बघायला म्हणून आला, टेबलाशी उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, खुणा मी घासल्या. चुकलो.” मी म्हटले, “बस. पाणी घे.” तेव्हापासून तो दर मंगळवारी येतो आणि बाहुल्या कागदात गुंडाळून देतो.

वकीलबाईंनी सांगितले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी हे भावाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग मला काही ठेवू नकोस. सही मी करतो.”

वरील सर्व मी वाचले, भाचीकडून मोठ्याने वाचून घेतले आणि मान्य करून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार :
१. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. लिहून ठेवणारीचा धाकटा भाऊ, माजी दुकानदार. ही सही माझ्या ताईचीच आहे, मी समोर बसून पाहिली. (सही)

ठिकाण : मागची कामाची खोली
दिनांक : ११ मार्च २०२५, मंगळवार