बेचाळीस गाई आणि पांढरे पट्टे

९ मे

आज संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य फिरलं. घड्याळ बघून लिहितोय — पुढे कुणी म्हणायला नको की हळूहळू झालं. हळूहळू काहीही झालं नाही! मी सायकलवाटेवरून भरधाव येत होतो, सायकलला जोडलेल्या गाड्यात कोयता, दाताळं आणि काटेरी जाळ्यांचा ढीग — आणि समोर वाटेवर आडवी दोरी. दोरीच्या टोकाला एक मुलगी. रबरी बूट, गुडघ्यापर्यंत चिखल.

"थांब! डोळे कुठे ठेवलेस?"

"मी या वाटेचा माणूस आहे," मी म्हणालो. "वाट मीच साफ करतो."

"मग वाटेवर उभा राहा. गाई आधी."

बेचाळीस गाई. मोजल्या. शेवटची थांबली, माझ्या सायकलचं हँडल तिनं चाटून काढलं. मुलगी हसली. बस्स. एवढंच झालं.

११ मे

नाव ब्लांदिन. ओक्ताव गारांदोची मुलगी. गोठा वाटेच्या वरच्या अंगाला, कुरण खालच्या अंगाला, वारेन नदीपर्यंत. मधून पूर्वी आगगाडी जायची, तेव्हाही गाई रूळ ओलांडायच्या. आता रूळ गेले, हॉलंडहून आलेले म्हातारे नवराबायको सायकलवर जातात. गाई तशाच.

ओक्तावच्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याचा उजवा हात वर जात नाही. म्हणजे सकाळ-संध्याकाळ दूध तीच काढते. चार वर्षं! चोवीस वर्षांची आहे. माझ्यापेक्षा तीननं मोठी. चालेल.

१२ मे

पाच-दहाला तिथे होतो. कामच तिथे होतं. (नव्हतं.)

१६ मे

आज विचारलं. सरळ. "शनिवारी संध्याकाळी मायेनला येतेस? जेवू, फिरू."

"संध्याकाळी? आणि या बायकांना काय सांगू?" तिनं गाईंकडे बोट केलं.

"रविवारी दुपारी?"

"किती वाजता आणून सोडशील?"

मी मनात दूध काढायच्या वेळा मोजायला लागलो. ती दोरी गुंडाळत म्हणाली, "तुझ्या या वाटेवरून माणसं दीडशे किलोमीटर आंजेरपर्यंत जातात. नद्या मिळतात तिथपर्यंत. मी रोज चार वेळा वाटेवर असते — आडवी. सहा पावलं. लांबीनं कधी गेलेच नाही."

हे ती हसत म्हणाली. मला मात्र जेवण गेलं नाही. हिला कुणीतरी यातून बाहेर काढायला हवं. कुणीतरी म्हणजे कोण, ते उघड आहे.

१९ मे

चार सायकलवाले. चकचकीत कपडे, चकचकीत चष्मे. दोरी दिसली तरी वाकून खालून घुसले! दोन गाई बिथरून वाटेवरून पळत सुटल्या. ब्लांदिन मागे. मी त्यातल्या एकाची पाण्याची बाटली काढली आणि खाजकुयलीत भिरकावली. त्याला म्हटलं, जा, आण. पुढचं लिहीत नाही.

संध्याकाळी मादाम जुआनेंचा फोन — माझ्या साहेबीणबाई. "तिबो, तुझं डोकं आहे की चुलीवरचं दूध? तुला गवत कापायला ठेवलंय, माणसं कापायला नाही. फेब्रुवारीत कॉलेज सोडलंस, मे महिन्यात नोकरी सोडायचीय का?"

कॉलेज मी सोडलं नाही. प्राध्यापक वर्गासमोर म्हणाले, तुला समजत नसेल तर दार उघडं आहे. मी बघितलं — खरंच उघडं होतं.

२३ मे

सुचलं! गाई जिथून ओलांडतात तेवढ्या तुकड्यावर डांबर आहे. तिथे पांढरे पट्टे मारायचे. शहरात माणसांसाठी असतात तसे, ठळक, पाच. पट्टे दिसले की कुणीही थांबतं. तिला दोरी धरायला नको, ओरडायला नको. गोदामात रंग पडून आहे. कुणाला विचारायचं नाही. तिला तर नाहीच — तिचा चेहरा बघायचाय मला.

२४ मे

दुपारी रंगवलं. दोरी ताणून, रेष धरून. काय सुंदर झालंय! आता सव्वातीन. सुकेल. दाढी करतो.

२४ मे, नंतर

मरावंसं वाटतंय.

पाच-दहाला दुशेस आली. ही गाय सगळ्यांत पुढे चालते. पट्ट्यांपाशी आली, नाक खाली घातलं, आणि थांबली. मागे एकेचाळीस थांबल्या. ब्लांदिननं हाका मारल्या, थोपटलं, ढकललं. नाही! एक खूर पुढे पडेना.

ओक्ताव काका वरून उतरत आले. पट्टे बघितले. माझ्याकडे बघितलं. "पोरा, कुरणाच्या फाटकाखाली खड्डा करून त्यावर लोखंडी गज टाकतात, बघितलेस? कशाला टाकतात?"

"गाई बाहेर जाऊ नयेत म्हणून."

"पाय अडकतो म्हणून त्या जात नाहीत. मग हे तू काय काढलंयस?"

मी खाली बघितलं. पांढरे गज. काळा खड्डा. मी! याच खोऱ्यात जन्मलेला, फाटकावर लोंबकळून वाढलेला!

सहा वाजले. सड तट्ट फुगलेले, काहींचं दूध आपोआप गळायला लागलं. गाई हंबरत होत्या. दोन्ही बाजूंना सायकलवाले थांबलेले, फोटो काढत होते — पट्टे बघून अगदी शिस्तीत थांबलेले, हे विशेष. ब्लांदिन एकदाच बोलली: "चांगुलपणा करताना आधी विचारत जा!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं की दमल्याचं, कळलं नाही.

मग गोठ्यातला पेंढा आणि शेण आणून पट्ट्यांवर पसरलं. ढकलगाडीच्या अकरा खेपा. सगळ्या मी. सव्वासातला दुशेसनं हुंगलं, पाय टाकला. मागोमाग सगळ्या.

ओक्ताव काका म्हणाले, "शिकलेला आहे. थर एकसारखा पसरलाय."

२५ मे

रंग खरवडला. वर काळा फासला. मादाम जुआने उभ्या राहून बघत होत्या. ओरडल्या नाहीत. हसू दाबत होत्या — ते जास्त वाईट.

२९ मे

ती बोलत नाही. दोरी धरते, नदीकडे बघते. मी म्हणालो, "चुकलो." गाय म्हणाली, "हम्म."

३ जून

बोलली! "तुझ्या हाताचे फोड अजून गेले नाहीत."

"रंग खरवडताना आले."

"बरं झालं," ती म्हणाली. फोड बरे होतील असं नाही. आले ते बरं झालं, असं. तरी रात्रभर आनंदात.

६ जून

ओक्ताव काकांनी सफरचंदाच्या दारूचा पेला हातात दिला आणि सहज सांगून टाकलं. ब्लांदिन चार दिवस जाणार. बारा तारखेला. संस्थेकडून बदली माणूस येतोय, शेतकरी सुट्टीवर गेला की दूध काढायला पाठवतात तसा. चार वर्षांत पहिल्यांदा मागितला. सायकलीनं जाणार. आंजेरला.

कुणाबरोबर? काकांना विचारलं नाही. पेला घटाघट संपवला.

७ जून

विचारलंच. राहवलं नाही. दोरीपलीकडून, गाईंवरून ओरडून — "कुणाबरोबर जातेयस?"

"तुला काय करायचंय?"

"कोण आहे तो? तो दुधाचा टँकरवाला?"

ती इतकी हसली की दोरी सुटली. "त्याला तीन नातवंडं आहेत, तिबो!"

"मग कोण?"

"कुणी नाही. एकटी."

"एकटी? आणि मी?"

"तू आलास तर सगळी वाट तू बोलशील. कुठे थांबायचं ते तू ठरवशील. कुणी पुढे गेला की त्याच्याशी भांडशील. चार वर्षं मी कधी उठायचं, कधी बसायचं ते गाई ठरवतायत. चार दिवस मला कुणी नको. गाय नको, बाप नको. तूही नको."

मी सायकल वळवली आणि निघालो. काहीतरी तोडून बोलायचं होतं, सुचलं नाही.

८ जून

सुचलं. आता काय उपयोग.

९ जून

पाच-दहाला गेलो नाही. सात किलोमीटर लांब जाऊन जाळ्या कापल्या. हातांची चाळण झाली. तिला मी नको. ठीक आहे! आंजेर बघायचं तर बघू दे, गर्दी आहे नुसती.

१० जून

अर्धी रात्र जागून विचार केला. तिनं मला "नको" म्हटलं ते चार दिवसांसाठी. पाचव्या दिवसाचं काही बोलली नाही. आणि एक — मी तिला बाहेर काढणार होतो ना? ती आपली आपणच निघालीय. मग मला राग कसला येतोय? मी नेलं नाही याचा? हे लिहिताना कान गरम झाले.

तिच्या वाटेवर पहिल्या वीस किलोमीटरांत एकही काटा, एकही फांदी राहणार नाही. हे तिला सांगायचं नाही.

११ जून

वाट झाडून घेतली. अक्षरशः. एक हॉलंडची आजी थांबून म्हणाली, "कुणी मोठा माणूस येतोय का?" म्हटलं, हो.

१२ जून, पहाटे पावणेपाच

फोन. ओक्ताव काका. "बदलीवाल्याला ताप आहे. दुसरा माणूस सोमवारशिवाय नाही. ती सायकलला बांधलेल्या पिशव्या सोडतेय. तुला दूध काढता येतं का?"

"नाही."

"मग जरा लवकर ये."

उभ्याउभ्याच लिहितोय. बूट चढवलेत. मादाम जुआनेंना चार दिवसांची सुट्टी मागितली नाही, कळवली. काकांना सांगितलं, ब्लांदिनला म्हणावं, पिशव्या परत बांध. निघालो. दार ओढून घेतो.