मुंकेन खडकावरून दिसलेले चार झेंडे

नूरवोग, लोफोटेन
२० फेब्रुवारी १९८४

आदरणीय बोर्गहिल्डताईंना,
हाल्वोरचा नमस्कार. बर्गनच्या पावसात तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. माझे दोन्ही गुडघे ठीक आहेत, आणि हे मी उगीच लिहीत नाही, कारण गेल्या शुक्रवारी ते माझ्याकडे राहतील अशी फारशी खात्री नव्हती. तुम्ही विणून पाठवलेला स्वेटर मिळाला. तो अंगात होता म्हणून हे पत्र आहे. दुसऱ्या कुणाकडून ही हकीकत तुमच्या कानावर जाण्याआधी (आमच्याकडची बातमी टपालाच्या बोटीची वाट बघत नाही) मीच सविस्तर लिहितो.

तुमची धाकटी सुन्निवा मुंकेन खडकावरून गावाचे आणि मागच्या डोंगरांचे फोटो काढत असे, दर महिन्याचा एक, हे तुम्हाला माहीत आहेच. अकरा झाले. फेब्रुवारी राहिला, कारण मागच्या फेब्रुवारीत महिनाभर वादळ होतं आणि या फेब्रुवारीत ती नाही. ईस्टरला हे फोटो गावच्या सभागृहात ओळीने लावायचे ठरलं आहे. बायकोने काढलेले अकरा फोटो आणि एक मोकळा खिळा हे मला बघवणार नाही, म्हणून बारावा आपण काढावा असं मनात आलं. तिच्या कॅमेऱ्यात शेवटची फिल्म तशीच आहे. छत्तिसातले तेवीस फोटो तिने काढलेले, कशाचे ते कुणालाच माहीत नाही. तेरा शिल्लक. फिल्म भिजली तर ते तेवीसही जातील, तेव्हा शुक्रवारी मला स्वतःपेक्षा कॅमेऱ्याची भीती जास्त वाटत होती. (स्वतःचीही वाटत होती, लपवत नाही. मला पोहता येत नाही. इथल्या कुणालाच येत नाही. या पाण्यात पोहणं म्हणजे नुसता उशीर करणं, असं आमचे वडील म्हणायचे.)

मुंकेनवर जायची वाट म्हणजे शेवाळाने भरलेल्या दगडांची एक पट्टी, ओहोटीला उघडी, भरतीला पाण्याखाली. आता मी बंदराच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकून होतो आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक दर जानेवारीत कचेरीच्या दारावर मीच चिकटवत असे, म्हणजे मला कुणी शिकवायला नको होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बघितलं: सतरा फेब्रुवारी, ओहोटी दहा वाजून दहा मिनिटांनी. बुटांखाली खिळ्यांच्या पट्ट्या बांधून साडेनऊला निघालो. वाटेवर पाणी जरा वर वाटलं, एक बूट भिजलासुद्धा, पण छापलेल्या कागदावर माझा विश्वास आहे. खडकावर बर्फाचा काचेसारखा थर होता. चार वेळा घसरलो, दोन वेळा कॅमेऱ्याच्या तिवईवर आणि दोन वेळा तिवई माझ्यावर. उणे अकरा होतं. सूर्य नुकता डोंगराच्या खांद्यावर आला होता आणि सगळा बर्फ गुलाबी झाला होता, सुन्निवाला हवा असायचा तसा. मी भिंगाचं कडं फिरवत बसलो, आणि पाठीमागे कसला तरी गिळल्यासारखा आवाज आला म्हणून वळलो, तर वाट नव्हती.

(घरी आल्यावर बघितलं. भिंतीवरचं वेळापत्रक मागच्या वर्षीचं होतं. घरातलं नवं सुन्निवा लावत असे.)

पहिली वीस मिनिटं मी ओरडलो नाही. बंदराचा कारकून भरतीत अडकला हे गाव पुढची तीस वर्षं सांगणार, त्यापेक्षा पाण्याचाच विचार बदलेल असं वाटत होतं. पाणी वर येतच राहिलं. लाटेचे शिंतोडे तिवईच्या पायांवर पडायचे आणि तिथेच गोठायचे. मी कॅमेरा काढला, डोक्यावरची टोपी काढून त्यात गुंडाळला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि खडकाच्या अगदी वरच्या टोकावर जाऊन उभा राहिलो. मग एक हात वर केला.

समोर नऊ घरं, आणि प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीत दुर्बीण असते हे तुम्ही जाणताच. आर्नुल्फच्या खिडकीत काच चमकली. जिवात जीव आला. आर्नुल्फ माझा चाळीस वर्षांपासूनचा शेजारी, त्याची होडी दारातच. मी जोरात हात हलवला. आर्नुल्फने बराच वेळ बघितलं, दुर्बीण खाली ठेवली आणि पडदा ओढला. मग शेजारच्या घराचा पडदा ओढला गेला. मग त्याच्या पुढच्याचा. थोड्या वेळाने आर्नुल्फ चर्चला जायचा काळा कोट घालून बाहेर आला, अंगणातल्या खांबावर झेंडा चढवला, आणि अर्ध्यावर थांबवला. पाठोपाठ आणखी तीन घरांनी चढवला. चारही अर्ध्यावर. ताई, कोण गेलं म्हणून मी गावातली सगळी म्हातारी माणसं मनात मोजली. सगळी सकाळपर्यंत धडधाकट होती. मग मी एकटाच उरत होतो. पाणी तेव्हा माझ्या घोट्यांना लागलं होतं. मी आतापर्यंत कधी इतका घाबरलो नव्हतो, आणि त्यात एक हात टोपीखाली, त्यामुळे नीट थरथरताही येईना.

शेवटी यॉर्गिने आली. एक्क्याऐंशी वर्षांची, दोन नवरे पुरून बसलेली, आणि डोळे अधू असल्यामुळे खिडकीत दुर्बीण न ठेवणारी गावातली एकटी बाई. झेंडे कशाचे ते शेजारी विचारून घेतलं आणि तशीच होडी वल्हवत निघाली. खडकाला लागल्यावर तिने वल्ही आवरली आणि वर बघितलं.

"हाल्वोर, मरायचंय का फोटो काढायचाय? मरायचं असेल तर आत्ताच सांग, माझा पाव ओव्हनमध्ये आहे."

मी म्हटलं, फोटो.

"मग काढ की मेल्या, आणि उतर खाली. टोपीत काय आहे?"

"कॅमेरा."

"बरं झालं. गावाला वाटतंय, सुन्निवा आहे."

म्हणजे असं झालं होतं. सुन्निवाच्या अस्थींचा कलश जमीन मऊ होईपर्यंत चर्चमध्ये ठेवला आहे. मला धीर धरवला नाही, मी तो परवानगीशिवाय उचलून आणला आणि अस्थी समुद्रात सोडतोय, असं सगळ्यांनी ठरवलं. उद्या चौकशी झाली तर आम्ही काही बघितलं नाही असं सांगता यावं म्हणून पडदे. झेंडे तिच्यासाठी. मी एक फोटो काढला, होडीत उतरलो, तिवई समुद्राला दिली. फिल्म कोरडी आहे. पावाची खालची बाजू जळली, आणि तो ठपका यॉर्गिनेने माझ्यावर ठेवला आहे.

संध्याकाळी आर्नुल्फ ताजा कॉड मासा आणि त्याचं काळीज घेऊन आला आणि उंबऱ्यातच थांबला. मग म्हणाला, "मला वाटलं, तू तिच्याशी बोलतोयस. मध्ये कसं यायचं?" मी चुलीवर तवा ठेवला. मासा चांगला होता.

गुडघ्याला ऊब द्या, जिन्यावर जपून चढा. इथून सगळ्यांकडून तुमची चौकशी.

तुमचा,
हाल्वोर

ता. क. वर लिहिलं आहे की मी एक फोटो काढला. ते खरं नाही. कॅमेऱ्यावरचा आकडा अजून तेवीस आहे. यॉर्गिने थांबली होती, बटणावर बोट होतं, उजेडही होता. पण एकदा फिल्म संपवायला सुरुवात केली की ती धुवावी लागणार, आणि सुन्निवाने शेवटी काय काय बघितलं ते मला कळणार. तेवढं धाडस झालं नाही. समुद्राची भीती सांगायला सोपी, म्हणून पत्रभर तीच लिहिली.

ता. क. २. तुम्ही वीस वर्षं स्टुडिओत फिल्म धुतल्या आहेत. तळघरातली तिची अंधारी खोली, औषधं, लाल दिवा, सगळं जागेवर आहे. ईस्टरच्या आधी याल का? फेब्रुवारी संपायच्या आत आलात तर उरलेले तेरा तुम्हीच काढा. ओहोटीची वेळ मी कचेरीत जाऊन विचारून ठेवतो. फिल्म धुताना तळघरात माझ्यासोबत उभी राहते असं यॉर्गिने म्हणाली आहे. तिचे उपकार आहेत, पण ती बोलते फार. तुम्ही बोलत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो आहे.