डावा व्हॉल्व्ह

१२ एप्रिल, रविवार

डावा व्हॉल्व्ह बंद होता. पूर्ण बंद!

सिमरोलच्या पुढच्या खाणीच्या तलावावरून परत आलो, सामान धुवायला घेतलं तेव्हा कळलं. अरुंधतीताईचं उजवं सिलिंडर जवळजवळ रिकामं. डावं जसं भरून नेलं तसंच. साइडमाउंटमध्ये पाठीवर काही नसतं, दोन्ही काखांखाली एकेक सिलिंडर असतं. थोडा वेळ ह्यातून श्वास घ्यायचा, थोडा वेळ त्यातून. एकाने दगा दिला तर दुसरं असतं. पाण्यात उतरलं की आपले व्हॉल्व्ह आपण उघडायचे. ताई आज अख्खा डाइव्ह एकाच सिलिंडरवर करून आली!

विचारलं तर म्हणाली, "विसरले रे. तू पण ना विकू, इन्स्पेक्टर झालास का?"

ताई विसरत नाही. दहावीत माझी शाळा सुटली तेव्हा "शाळा सुटली तरी शुद्धलेखन सोडायचं नाही" म्हणून रोज एक पान लिहून घ्यायची ती हीच.

१३ एप्रिल

दुकानात लक्ष नाही. आग विझवायची सिलिंडरं भरायचं काम, तिथे लक्ष नसून कसं चालेल? एकच सील पुन्हा पुन्हा तपासत बसलो. मालक म्हणाले, "क्या भिया, शादी-वादी तय हो गई क्या?" मल्हारगंजची अर्धी गल्ली हसली.

१५ एप्रिल

सकाळी ताईचा डावा हात चहाच्या कपाकडे गेला, कपाला लागला आणि मागे आला. मग उजव्याने उचलला. आई समोरच होती.

संध्याकाळी ताईला जिन्यात गाठलं. आधी हसण्यावारी नेलं. मग पायरीवर बसली.

"तुकोगंजच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नसांचं आहे. वाढत जाणार. औषध आहे, पण बरं होण्याचं नाही." ज्या आवाजात ती भाजीवाल्याला कोथिंबीर मागते त्याच आवाजात सांगितलं.

माझ्या तोंडून "डाइव्हिंग?" एवढंच निघालं. मूर्खासारखं!

"तेच तर. आईला कळलं की पहिलं ते बंद. तिला सांगायचं नाही, शपथ घे. पाण्यात हाताला वजन नसतं विकू. तिथे मला आठवतसुद्धा नाही, कुठला हात वाईट आहे ते."

शपथ घेतली. आईला नाही सांगणार. पण तलावावर आम्हाला शिकवतो त्या ऋषभ भियाचं नाव तिने घेतलं नव्हतं.

१८ एप्रिल

ऋषभ भियाला फोन केला. वयाने ताईएवढाच आहे. मागे कम्प्रेसर धडधडत होता. मी म्हणालो, "भिया, ताई का डावा हाथ ढीला पड़ रहा है. वो वाला व्हॉल्व्ह आप खोल देना, उसी साइड रहना. उसको बोलना मत."

"टेंशन मत ले यार. मैं देख लूँगा."

बरं वाटलं. आज जेवलो.

१९ एप्रिल, रविवार

नीट लिहितो. सुरुवातीपासून.

पाणी गढूळ होतं. ऋषभ भिया ताईजवळ गेला, तिचा एक व्हॉल्व्ह उघडून दिला. मी मागे होतो. मला वाटलं, झालं. खाली जाण्याआधी दोन्हींतून श्वास घेऊन बघायचा असतो. ताईने नुसतं बोट-अंगठा जुळवून ओके केलं.

खाली तो पूर्ण वेळ तिच्या उजव्या बाजूला. मला कळेना, हा तिकडे काय करतोय? हातांनी खुणा केल्या, त्याने पाहिलं नाही.

मग ताई थांबली. तोंडातलं नळीचं टोक काढलं, डावीकडचं लावलं, लगेच काढलं. परत उजवीकडचं. तेही संपलेलं. ती धडपडली नाही. माझ्याकडे वळली आणि गळ्यावरून हात आडवा फिरवला. हवा नाही! शिकताना ही खूण आम्ही हसत हसत करायचो.

माझं तिच्या तोंडात दिलं. दुसऱ्या सिलिंडरचं मी घेतलं. वर येईपर्यंत तिचा पट्टा धरून होतो.

काठावर ऋषभ भिया माझ्यावर ओरडला, "तूने दायाँ बोला था!"

"डावा म्हणालो मी! डावा!"

"वही तो! दायाँ!"

ताई दगडावर बसून एका हाताने केस पिळत होती. ती हसायला लागली. "माझ्या वर्गातली पोरं दर वर्षी हीच चूक करतात रे. डावा म्हटलं की हिंदीतला दायाँ, म्हणजे उजवा, समजतात." हसता हसता तिचा चेहरा बदलला. मी दुसरीकडे पाहिलं.

२० एप्रिल

डावा. दायाँ.

लिहिलं की कोणी चुकणार नाही. ड वेगळा, द वेगळा. मी बोललो. मेसेज लिहिला असता तर—

२२ एप्रिल

ऋषभ भिया दुकानावर आला. डोळे सुजलेले. म्हणाला, "गलती मेरी भी है, दोबारा पूछना था." मग म्हणाला, उथळ पाण्यात, दोन्ही बाजूंना एकेक माणूस ठेवून तो ताईला अजूनही नेईल. "लेकिन पहले आंटीजी को सब बताओ. वो हाँ बोलें, तो. छुपा के नहीं."

२३ एप्रिल

ताईला सांगितलं. "मग नको," म्हणाली. एवढंच.

थोड्या वेळाने आली. "माझा डाइव्हिंगचा सूट पावडर लावून घडी घालून ठेवशील? मला ती घडी जमत नाही आता."

ठेवला. घडी दोनदा घातली, नीट बसेना.

२६ एप्रिल, रविवार

गेलो नाही. ताईने वह्या तपासल्या. पोहे तसेच राहिले.

२८ एप्रिल

शपथ मोडली. ताई शाळेत होती. आई मशीनवर शिवत होती. हात, डॉक्टर, तलाव— सगळं सांगितलं. आईने मान वर केली नाही.

"तिच्या सगळ्या सलवारींच्या नाड्या काढून मी इलॅस्टिक घातलंय," म्हणाली. "रंगपंचमीच्या आधीच. तिनं विचारलं नाही, मी बोलले नाही."

म्हणजे माहीत असून दर रविवारी जाऊ देत होती!

आईने दोरा दातांनी तोडला. "रविवारी किती वाजता निघायचं?"