साउंड चेकचा कोट

प्रिय पिपाणीराव,

तुझा निरोप मिळाला. दोनच ओळी. पुढच्या महिन्यात कायमचा परत येतोयस, ही पहिली. त्याआधी कपाटातलं क्लॅरिनेट विकून टाक, मला ते घरात दिसायला नको, ही दुसरी. पहिली ओळ वाचून मी गळ्यातल्या टेपसकट दुकानभर नाचले. ट्रायल द्यायला आलेलं गिऱ्हाईक एका बाहीत हात घालून तसंच उभं राहिलं. दुसरी ओळ वाचल्यावर मात्र स्टुलावर बसले. त्या ओळीचं उत्तर मी देणार आहे, पण शेवटी. तुझ्याआधी जन्मल्याचा एवढा तरी फायदा मला मिळू दे. फोनवर तू 'हं, हं' करतोस आणि माझं निम्मं बोलणं तोंडात असताना 'ठेवतो' म्हणतोस, म्हणून हे पत्र.

दुकान उत्तम चाललंय. फक्त हल्ली माप घ्यायला माणसं येत नाहीत, फोटो येतात. गिऱ्हाईक दारातून फोन पुढे धरूनच आत शिरतं आणि म्हणतं, असाच शिवा. फोटोत कुणीतरी हिरो असतो, नाहीतर खेळाडू, नाहीतर गवई. मी फोटो बघते, मग गिऱ्हाइकाकडे बघते आणि जीभ दाताखाली धरते. परवा एक गृहस्थ आले, स्वभावाने सोन्यासारखे, पोटाने माझ्या कटिंग टेबलासारखे. त्यांना त्या पुरस्काराच्या समारंभात आत शर्टच न घालता आलेल्या नटासारखा कोट हवा होता. मी म्हटलं, काका, त्या माणसाला थंडी वाजत नव्हती कारण त्याच्यावर दिवे होते, तुमच्यावर कोण दिवे टाकणार? काका हसले आणि शर्टासकट कोट शिवून घेऊन गेले. बायकोने म्हणे पहिल्यांदाच आपण होऊन त्यांच्यासोबत फोटो काढला.

तुला ठाऊकच आहे, या प्रसिद्ध पुरुषांच्या कपड्यांवर माझी मतं फार ठाम आहेत आणि ती कुणी विचारलेली नाहीत. तरी ऐक. निम्म्या फोटोंत कोट अंगाला बसलेला नसतोच, पाठीमागे चिमटे लावलेले असतात. पुढून राजबिंडा, मागून वाळत घातलेलं धुणं. तो एक फुटबॉल खेळणारा आहे, त्याची पँट दरवर्षी वर वर चाललीये. घोट्याच्या वर गेली तेव्हा मी गप्प बसले, आता ती पोटरीला पोचलीये. दुसरा एक गायक गळ्यात मोत्यांचा सर घालतो आणि सगळे त्याला नावं ठेवतात. मला मात्र तो आवडतो, कारण मोती घातल्यावर तो मान ताठ ठेवतो आणि ताठ मानेच्या माणसाची कॉलर कधी वाकडी बसत नाही. सगळ्यात आवडता म्हणशील तर तो म्हातारा नट. जन्मभर एकच पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दुमड इतकी सैल की माणूस आत्ता उठून भांडी घासायला लागेल असं वाटावं. माझी परीक्षा एकच. माणसाला त्या कोटात हात वर करता आला पाहिजे. वरच्या फळीवरचा डबा काढता येत नसेल तर तो कोट कसला, ते खोकं. निम्मे तारे माझ्याकडे नापास आहेत.

आता मुख्य बातमी. आमच्या शेजारची लॉन्ड्री आठवते? तिथे आता शनिवारी संध्याकाळी गाणं होतं. हसू नकोस. लॉन्ड्रीवाला ड्रम वाजवतो हे इतकी वर्षं भिंतीला भिंत असून मला माहीत नव्हतं, मी समजत होते की त्याचं जुनं मशीन खडखडतंय. पलीकडच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर गिटार वाजवतो. आणि गाते कोण, तर शाळेची बस चालवणारी बाई. दिवसभर पोरांवर ओरडून तिचा आवाज असा काही तापलाय की पहिल्याच ओळीला माझ्या हातातला चहा हातातच राहिला. मशीनं बंद करून त्यांच्यावर उश्या टाकतात, आम्ही त्यांवर बसतो. बाकीचे उलट्या टोपल्यांवर. साबणाचा वास, काचेवर वाफ, आणि गाणारी बाई इतकी जवळ की श्वास घेतलेला ऐकू यावा. मोठ्या मैदानातले ते कार्यक्रम मी पडद्यावर पाहिलेत. तिथे गायक नखाएवढा दिसतो, धूर सोडतात आणि सगळे फोन वर धरून उभे असतात. माझ्या मते गाणं तेवढ्याच खोलीत व्हावं जिथे गाणाऱ्याच्या शर्टाचं बटण सैल झालेलं मागच्या रांगेला दिसेल. त्या डॉक्टरचं झालं होतं. मी मध्यंतरात लावून दिलं.

त्या बटणामुळेच पुढचं सगळं रामायण घडलं. लॉन्ड्रीत गाणं सुरू होऊन वर्ष होणार होतं, तर डॉक्टर म्हणाला की तिघांना तीन काळे कोट शिवा, साधेच, जरा नीटनेटकं दिसू दे. मापं घेतली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. माझ्या तोंडात टाचण्या, पायाखाली मशीन चालू. तो म्हणाला, शनिवारी चारला साउंड चेक, तेव्हा कोट लागतील. आता तूच सांग, शिंपिणीच्या कानावर 'चेक' पडल्यावर तिला काय दिसणार? चौकड्यांचं कापड. विंडो चेक असतो, पिन चेक असतो, कापडवाले रोज नवं नाव काढतात. मला वाटलं, याचं मन बदललं, याला काळा नको, चेक्स हवेत. तरी मी शहाण्यासारखं विचारून घेतलं, साउंड चेक नक्की ना? तो म्हणाला, नक्की, विसरू नका हं. मी तशीच कापडवाल्याकडे गेले आणि साउंड चेक आहे का म्हणून विचारलं. त्या भल्या माणसाच्या तोंडून 'नाही' हा शब्द जन्मात निघालेला नाही. त्याने फळीवरून एक तागा ओढला, माझ्यासमोर फटकन पसरला आणि म्हणाला, हेच ते, हल्ली हेच चालतंय. मोहरीच्या रंगावर हिरवे चौकोन, एकेक बशीएवढा. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, याला साउंडच म्हणायला हवं, हे कापड लांबून ऐकू येतंय.

आणि याला थोडा जबाबदार तूही आहेस. जन्मभर तू कार्यक्रमाआधी घरातून निघताना 'आवाज बघून येतो' एवढंच म्हणत आलास. त्याला दुसरं काही नाव असतं हे मला कोण शिकवणार?

शनिवारी मी तीन कोट हँगरवर घेऊन लॉन्ड्रीत शिरले. वरचं आवरण काढलं. डॉक्टरने गिटार हळूच खाली ठेवली. लॉन्ड्रीवाला त्या चौकोनांकडे असा बघत होता, जणू न निघणारा डाग आहे. मी अभिमानाने म्हटलं, साउंड चेक. सगळ्यांआधी बसवाल्या बाईच्या लक्षात आलं. ती हसायला लागली ती टोपलीवरून खालीच बसली, आणि मग तिने हसत हसत, डोळे पुसत मला अर्थ सांगितला, की कार्यक्रमाआधी माइकचा आणि वाद्यांचा आवाज तपासून बघतात, तो साउंड चेक. मी कपाळाला हात लावला. दुसरे कोट शिवायला वेळ नव्हता. शेवटी डॉक्टरने उसासा टाकून कोट अंगात घातला, आरशासमोर गेला, आणि दोन्ही हात वर केले. सहज गेले. त्याने पुन्हा केले. मग तो आरशासमोरून हलेनाच. त्या संध्याकाळी लॉन्ड्रीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि त्या पिवळ्या उजेडात ते तिघं असे काही दिसले की मी त्या सगळ्या नटांना मनातल्या मनात रजा देऊन टाकली. बाईने पहिल्या गाण्याआधी माझी फजिती सगळ्यांना सांगितली, मला उभं केलं, लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी लाजले, पण खरं सांगू, मला फार आवडलं. त्यांच्या बँडला आजवर नाव नव्हतं, ते आता 'साउंड चेक' आहे. आता फोटो दाखवून 'असाच शिवा' म्हणणारी गिऱ्हाइकं त्या डॉक्टरचा फोटो दाखवतात.

आता जरा नीट वाच. त्यांचं एक गाणं आहे, बाईचं स्वतःचं, घरी परत येणाऱ्या माणसाचं. दुसऱ्या कडव्यानंतर ती गायची थांबते. गिटार आणि ड्रम नुसते चालत राहतात, मधे जागा रिकामी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई शब्द विसरली. मग दर शनिवारी तेच. लोक आता त्या जागी गुणगुणतात, प्रत्येकजण आपापलं, बेसूर. मी एकदा बाईला विचारलं की इथे काय आहे. ती म्हणाली, "ताई, इथे फुंकून वाजवायचं काहीतरी हवंय. वाजवणारा मिळेपर्यंत जागा ठेवलीये."

मी घरी आले आणि कपाट उघडलं. तशी मी ते अधूनमधून उघडतेच. तू शिकवलंस तसं पुसते, सांधे तपासते, फुंकायच्या तोंडाची पत्ती मात्र वाळून गेलीये, ती नवी लागेल. तुझी बायको गेल्यापासून तू त्या पेटीला हात लावला नाहीस, आणि मीही कधी विषय काढला नाही. मलाही ती आठवते रे. पहिल्या रांगेत डावीकडच्या खुर्चीत बसायची, मांडीवरच्या पर्सवर ताल धरायची, आणि तो ताल कायम चुकीचा. तू वाजवताना तिच्याकडे बघायचा नाहीस, बघितलं की ताल जातो म्हणायचास. आणि तुझा तो तपकिरी कोट! बगलेत इतका घट्ट की क्लॅरिनेट उचललं की उजवा खांदा कानाला लागायचा. एकदा कार्यक्रम संपल्यावर तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "ताई, याला एक मोकळा कोट शिवा, रंग मात्र असा पाहिजे की मला शेवटच्या रांगेतूनही दिसला पाहिजे." तू ऐकलंस आणि म्हणालास, आहे की कोट. मग ते राहूनच गेलं. त्या शनिवारी बशीएवढे हिरवे चौकोन दिव्याखाली बघताना मला एकदम तिचं ते वाक्य आठवलं आणि मी टाळ्या वाजवता वाजवता रडले. शेजारच्या बाईला वाटलं, कोटांच्या कौतुकाने.

तर आता तुझ्या दुसऱ्या ओळीचं उत्तर. क्लॅरिनेट मी विकलेलं नाही. तू येईपर्यंत विकणारही नाही, आणि आल्यावर तूच माझ्यासमोर ते विकायला काढलंस तर आडवी येणार नाही. पण चेक्सचं कापड जुळवाजुळवीत जास्त लागतं, म्हणून मी हात सैल ठेवून आणलं होतं, आणि आता टेबलावर बरोबर एका कोटाचं उरलंय. खडू हातात घेऊन मी त्याच्यासमोर उभी आहे आणि माझ्याकडे तुझं माप तुझ्या लग्नातलं. तिकडे जाऊन तू जाड झालास की वाळलास मला माहीत नाही. म्हणून हे एवढं लांबलचक पत्र. लांब उत्तर लिहू नकोस, तुला ते जमत नाही. 'नको' असेल तर 'नको' लिही, मी त्या कापडाच्या उश्या शिवून लॉन्ड्रीत देईन, बसायला होतील. नाहीतर नुसता एक आकडा पाठव, तुझ्या छातीच्या मापाचा. टेप श्वास भरून घेऊन लाव, वाजवताना भरतोस तेवढा.

वाट बघणारी, खडू हातात धरलेली,
तुझीच ताई